हात आधी जागे झाले: आभासी स्पर्श आणि गाडीतले सेन्सर

खाचरस्ता (धागाकर्ता)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पहाटेचे चार-साडेचार झाले असतील. रस्ता सरळ, मोकळा, गाडीत मी एकटा. झोप येतेय हे कळत होतं, तरी "आता अर्धा तासच राहिलाय" अशी मनाची समजूत घालत चाललो होतो. एकदम एका बाजूच्या चाकांखालून घर्रर्र आवाज आला आणि स्टिअरिंग हातात थरथरलं. मला पुरती जाग आली तेव्हा हातांनी गाडी आत ओढून घेतलेली होती. रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्टीबाहेर, डांबरात ओळीने खाचा कोरलेल्या असतात ना, त्यांच्यावरून चाकं गेली होती. पुढे सुरक्षित जागा बघून थांबलो आणि वीस मिनिटं नुसता बसून राहिलो.

त्या खाचांना मी तेव्हापासून फार मानतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या गार्डन स्टेट पार्कवेवर अशी कड पहिल्यांदा केली गेली, तिला 'गाणारी कड' म्हणायचे. बॅटरी नाही, कॅमेरा नाही, वायर नाही. तरी डुलकी लागलेल्या माणसाला ती उठवते आणि चूक कुठल्या बाजूला झाली तेही त्याच झटक्यात सांगते.

माझं काम ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर आहे. माणूस हेडसेट लावून खोट्या गाडीत बसतो. त्याच्या तळहाताला, पावलाला, पाठीला जे जे लागतं ते जुळवणं ही माझी जबाबदारी. त्यामुळे व्हीआरमधला, म्हणजे हेडसेटमधल्या आभासी जगातला, स्पर्श आणि गाडीतली सुरक्षा हे दोन विषय माझ्या डोक्यात कधी वेगळे राहिलेच नाहीत. तिकडे खोटं टेबल हाताला खरं लागायला हवं, इकडे रडारला किंवा कॅमेऱ्याला दिसलेलं संकट माणसाच्या अंगापर्यंत पोचायला हवं. मोटरी बऱ्याचदा त्याच असतात. कातडी तर तीच.

गाडी चालवताना डोळे रस्त्यात अडकलेले असतात, कान गाण्यात नाहीतर गप्पांत. अंग मोकळं असतं. म्हणून २००४ च्या सुमारास सिट्रोएनने सी४ आणि सी५ मध्ये एक युक्ती आणली. पुढच्या बंपरखालचे इन्फ्रारेड सेन्सर रस्त्यावरची पट्टी ओळखायचे, आणि इंडिकेटर न देता गाडी पट्टीवर गेली की ड्रायव्हरची सीट त्याच बाजूने थरथरायची. २०१३ च्या मॉडेलांपासून कॅडिलॅकनेही सीटच्या डाव्या-उजव्या कडेतून इशारे द्यायला सुरुवात केली. डांबरातली खाच उचलून गादीत शिवली, असंच म्हणा.

पण गादीतली थरथर डांबरातल्या खाचेइतकी पोचते का? माझा अनुभव असा की नाही पोचत. का नाही, हे मला इथे सगळ्यांशी बोलून समजून घ्यायचंय. तुम्हाला गाडीत, खेळात, कामात कुठला स्पर्श खरा वाटतो आणि कुठला नकोसा, ते सविस्तर लिहा.

---

निरगाठ

विषय आवडला. एक अगदी प्राथमिक प्रश्न विचारते. डोळ्यांसमोर पडदा लावला, कानात स्पीकर घातले, दोन इंद्रियांचं काम झालं. मग स्पर्शाचंच घोडं कुठे अडतं? एका प्रदर्शनात मी व्हीआरचा थरथरणारा हातमोजा घालून आभासी टेबलावर हात टेकवला होता. बोटांना मुंग्या आल्यासारखं झालं, पण हात टेबलातून आरपार खाली गेला आणि मला चक्क मळमळलं.

---

खाचरस्ता

निरगाठ, घोडं अडतं ते बरोबर तुमचा हात आरपार गेला तिथेच.

खरं टेबल दोन कामं करतं. बोटाची कातडी दाबतं आणि हाताला अडवतं. मोज्यातल्या बारीक मोटरी पहिल्या कामाची थोडीफार नक्कल करतात. दुसऱ्यासाठी कशाचातरी आधार लागतो. हवेतला मोजा तुमचा हात कशाला टेकून अडवणार? दंडाला सांगाडा बांधला तर बोटावरचा जोर दंडावर येतो. सांगाडा जमिनीत रोवला तर टेबल घट्ट लागतं खरं, पण माणूस खुंट्याला बांधला जातो.

हे कोडं व्हीआरहून जुनं आहे. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या अरगॉन नॅशनल लॅबोरेटरीत रेमंड गर्ट्झ यांनी किरणोत्सारी पदार्थ जाड भिंतीपलीकडून हाताळण्यासाठी यांत्रिक हातांची जोडी केली. अलीकडचा हात हलवला की पलीकडचा हलायचा, आणि पलीकडच्याला काही अडलं की अलीकडच्याला ते जाणवायचं. सुरुवातीला दोन्ही हात यांत्रिकपणे जोडलेले होते, १९५४ च्या सुमारास मधे वीज आणि मोटरी आल्या. मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत थॉमस मॅसी आणि केनेथ सॅलिसबरी यांनी फँटम केला. टेबलावर ठेवायचा छोटा बाहू, टोकाला शिंप्याच्या अंगुस्तानासारखी टोपी. तीत बोट घालायचं आणि हवेत चाचपडायचं. मी पहिल्यांदा बोट घातलं तेव्हा समोर काहीच नसताना एक गुळगुळीत गोळा लागला. त्याच्या मागून बोट फिरवून पुन्हा पुढे आणलं, तरी गोळा जागच्या जागी. फक्त एका बिंदूचा स्पर्श, पण तो अडवत होता, म्हणून मन लगेच मानलं.

दुसरी अडचण वेगाची. चित्र सेकंदाला ६०-९० वेळा बदललं तरी डोळ्याला चालतं. कडक भिंत हाताला जाणवायची तर जोराचा हिशोब सेकंदाला साधारण १००० वेळा करावा लागतो. तेवढा वेग नसेल तर बोट भिंतीत शिरल्याचं यंत्राला उशिरा कळतं, ते उशिरा आणि जास्त जोराने ढकलतं, बोट बाहेर फेकलं जातं, पुन्हा आत येतं. भिंत हाताखाली गुणगुणायला लागते. मग जोर कमी करावा लागतो आणि भिंतीचं रबर होतं.

---

ओलीमाती

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे यंत्राकडून नाही, शरीराकडून लिहिते.

एका तळहाताच्या आणि बोटांच्या कातडीत स्पर्श टिपणारे सुमारे १७,००० चेतातंतू असतात. त्यांच्या चार जाती. मर्केल जातीचे दाब, कड, आकार टिपतात. माइसनरचे हलकी फडफड आणि वस्तू निसटायला लागल्याची चाहूल. रफिनीचे कातडीचा ताण. आणि पॅसिनीचे कंप, तोही सगळ्यात चांगला २५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २५० कंपांच्या, आसपास. मोबाईल, मोजा, सीट, सगळीकडच्या मोटरी थरथरतात म्हणजे मुख्यतः या एकट्या पॅसिनीला हाका मारतात. घरात चौघं आहेत आणि निरोप कायम एकाच्याच हाती. निरगाठ यांना टेबलाऐवजी मुंग्या जाणवल्या त्या यामुळेच.

पॅसिनीचं आणखी एक. ते खोलवर बसलेले असतात आणि मोठ्या भागातला कंप टिपतात, म्हणून नेमकी जागा सांगण्यात कच्चे. त्यात पाठ ही फार ढोबळ जागा. कंपासची दोन टोकं किती जवळ आणली की एकच वाटतात, हे अर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्येच मोजून मांडलं. बोटाच्या टोकाला २-३ मिलिमीटरवरही दोन टोकं वेगळी कळतात. पाठीवर ती साधारण ४ सेंटीमीटर दूर लागतात. म्हणजे सीटमधून डावं-उजवं सांगता येईल, पण "तिरक्या कोनातून सायकलवाला येतोय" इतकं बारीक सांगायला गेलात तर पाठीला ते वाचता येणार नाही.

२०२१ चं वैद्यकाचं नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना उष्णता आणि स्पर्श कळवणाऱ्या प्रथिनांच्या शोधासाठी मिळालं. त्यातलं पीझो२ हे प्रथिन नीट काम करत नाही अशी माणसं असतात. डोळे मिटले की त्यांना स्वतःचे हातपाय कुठे आहेत ते सांगता येत नाही. स्पर्श म्हटलं की आपण बोटाचं टोक धरून बसतो. आपला पाय कुठे आहे हे न बघता कळणं, तेही याच घरातलं.

आता माझी कळकळ. माझ्याकडे एक आजोबा येतात, मधुमेहाने पावलांची संवेदना गेलेली. त्यांनी एकदा सहज सांगितलं की पाय ब्रेकवर आहे की ॲक्सिलरेटरवर, हे मी वाकून बघतो. ते ऐकून मी हातातलं काम थांबवलं आणि त्यांच्या मुलाला फोन लावला. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांना वेगमर्यादेची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे, आणि ती सूचना ॲक्सिलरेटरच्या पेडलने पावलाला उलट दाब देऊनही देता येते. कल्पना चांगलीच आहे. पण ज्याचं पाऊल बधिर आहे त्याच्यापर्यंत हा निरोप जाणारच नाही. स्पर्शाची सूचना बनवणाऱ्या प्रत्येकाने हा माणूस समोर बसवून विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

---

लांबचापल्ला

माझं पोट गाडीवर आहे, दिवसाचे आठ-दहा तास स्टिअरिंगवर जातात. सीटची थरथर मी पहिल्याच आठवड्यात बंद केली. रस्त्याचं काम चालू असेल तर जुनी पट्टी पुसलेली नसते, नवी तिच्यावरून तिरकी गेलेली असते. गाडी जुनीलाच खरी मानते. पावसात पाण्याची चकाकी दिसली की तिला पट्टी वाटते. बंद पडलेल्या ट्रकला वळसा घालायला मी मुद्दाम पट्टी ओलांडतो, तरी थरथर. दिवसातून वीसदा खोटं बोलणाऱ्यावर एकविसाव्यांदा विश्वास ठेवायचा कसा? खाचांचं मात्र पटलं. खाच कधी खोटं बोलत नाही, चाक तिच्यावर गेल्याशिवाय ती वाजतच नाही.

---

खाचरस्ता

लांबचापल्ला, तुम्ही बंद केलीत याचं मला वाईट वाटलं, पण तुम्हाला दोष देता येत नाही. चुकीचा इशारा म्हणजे नुसता त्रास नसतो, तो पुढच्या खऱ्या इशाऱ्याची किंमत घालवतो.

यापेक्षा वाईट प्रकार मी सिम्युलेटरमध्ये बघितलाय. तिथे इशारा खरा होता, पण अर्थ उलटा लागला. एबीएस १९७८ मध्ये बॉश आणि मर्सिडीजने बाजारात आणलं. चाक लॉक व्हायला लागलं की ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडायचा-धरायचा, म्हणजे चाक फिरत राहतं आणि गाडी वळवता येते. याचा परिणाम म्हणून पायाखाली पेडल फडफडतं. ही फडफड कुणी इशारा म्हणून ठेवलेली नाही, ती यंत्राच्या कामाचा आवाज आहे, पायाला ऐकू येणारा. आमच्याकडे एका चाचणीत समोरून अचानक मूल धावत येतं. माणसाने जीव खाऊन ब्रेक दाबला, पेडल फडफडलं, आणि मी बाजूच्या पडद्यावर पावलाचा कॅमेरा बघत होतो, त्याने पाय उचलला. पूर्ण नाही, बोटभर. हेडसेट काढल्यावर तो म्हणाला, "मला वाटलं काहीतरी तुटलं." ब्रेक उत्तम चालू होता, आणि जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज होती तेव्हाच त्याने तो सैल केला.

बरेच लोक मुळात पुरेसा जोरच लावत नाहीत, हेही अभ्यासातून पुढे आलं. म्हणून मर्सिडीजने १९९६ मध्ये ब्रेक असिस्ट आणलं. पेडल किती झपकन खाली गेलं यावरून संकट ओळखायचं आणि उरलेला जोर यंत्राने लावायचा.

---

जुनागॅरेज

सगळे सूचनेबद्दल बोलताहेत. मी जिथे माणसाला विचारायला वेळच नसतो त्याबद्दल लिहितो.

१९५२ मध्ये जॉन हेट्रिक नावाचे अमेरिकन इंजिनिअर बायको आणि लहान मुलीला घेऊन फिरायला निघाले होते. रस्त्यात अडथळा आला, गाडी चरात गेली. मुलगी पुढे दोघांच्या मधे बसलेली. ब्रेक दाबताना दोघांनीही आपापला हात तिच्यापुढे आडवा टाकला. घरी परतताना हेट्रिक यांच्या डोक्यात तोच प्रश्न, की आपल्या हाताच्या जागी काहीतरी मऊ येऊन का थांबवत नाही? १९५३ मध्ये त्यांना फुगणाऱ्या उशीचं, म्हणजे एअरबॅगचं, पेटंट मिळालं. उशी सुचली, पण ती उघडायची कधी हे सांगणारं भरवशाचं काही तेव्हा नव्हतं.

ती उणीव १९६० च्या दशकाच्या अखेरीस ॲलन ब्रीड यांच्या सेन्सरने भरून काढली. जुन्या गाडीतला असा एक मी उघडून पाहिलाय. एवढीशी नळी, तिच्यात पोलादी गोळी, मागे चुंबक. चुंबकाने गोळीला धरून ठेवलेलं. खड्डा, फूटपाथची कड, जोरात लावलेलं दार, यांनी गोळी सुटत नाही. टक्कर झाली की गोळी चुंबकापासून सुटून नळीत पुढे धावते आणि दोन पत्र्यांना जोडते, सर्किट पूर्ण होतं. मी नळी हातात धरून टेबलावर आपटत बसलो होतो, गोळी हलेना. शेवटी मनगटाने जोरात झटका दिला तेव्हा टिक् असा बारीकसा आवाज आला. त्या टिक् वर माणसाचा जीव सोपवलेला असायचा. सगळी करामत चुंबक किती घट्ट ठेवायचा यात होती.

१९९० च्या दशकात गोळीची जागा चिपने घेतली. सिलिकॉनमध्ये कोरलेला सूक्ष्म कंगवा, त्याचे दात दुसऱ्या स्थिर कंगव्याच्या दातांमध्ये अडकवलेले. धक्का बसला की दातांमधलं अंतर बदलतं, त्याबरोबर विद्युतधारकता बदलते. ॲनालॉग डिव्हायसेस या कंपनीची एडीएक्सएल५० ही त्यातली सुरुवातीची, ५० जी पर्यंतचे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५० पटींपर्यंतचे, धक्के मोजणारी. टक्कर ओळखून उशी फुगेपर्यंतचा सगळा खेळ सेकंदाच्या काही शतांशांत आटोपतो, पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

आता धागाकर्त्यांच्या विषयाशी जोड. एअरबॅगसाठी लाखोंनी बनायला लागल्यामुळे या चिपा स्वस्त झाल्या आणि तिथून त्या खेळण्यांत गेल्या. २००६ च्या निन्टेंडो वीच्या हातातल्या कंट्रोलरमध्ये ॲनालॉग डिव्हायसेसचाच सेन्सर होता. आज हेडसेटला तुमची मान वळल्याचं कळतं ते त्याच घराण्यातल्या चिपांमुळे. तेव्हा गाडीने व्हीआरला आधीच काहीतरी दिलंय. आता व्हीआरकडून गाडीला काय मिळतं ते बघायचं.

---

निरगाठ

जुनागॅरेज, हात आडवा टाकण्याचं वाचून अंगावर काटा आला. माझी आई आजही तेच करते, आणि मी आता चाळिशीची आहे.

---

पांढरीकाठी

मी जन्मापासून पाहू शकत नाही, स्क्रीनरीडरवर हा धागा ऐकतोय. गाडी चालवायचा प्रश्न नाही, पण स्पर्शावर चालायचा अनुभव तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त आहे.

पाठ ढोबळ आहे असं वर लिहिलंय, ते खरं. तरीही पॉल बाक-ई-रिटा यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बघा. दंतवैद्याकडे असते तशा खुर्चीच्या पाठीत ४०० कंपक बसवले, २० ओळी, दर ओळीत २०. कॅमेऱ्याला दिसलेलं चित्र त्या ठिपक्यांतून अंध माणसाच्या पाठीवर उमटायचं. सरावाने लोक वस्तू ओळखायला लागले, चेहरेसुद्धा. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की कॅमेरा त्यांच्या स्वतःच्या हातात, स्वतः वळवता येईल असा दिला तेव्हाच वस्तू समोर असल्यासारखी वाटायला लागली. कॅमेरा दुसऱ्याने फिरवला किंवा एका जागी ठेवला तर नुसती पाठीला गुदगुली.

मला यात नवल वाटलं नाही. मी काठी टेकतो तेव्हा मला मुठीत काही जाणवत नाही, जमीन काठीच्या टोकाशी लागते. ओली, वाळू पसरलेली, पोकळ, झाकण असलेली. पण काठी मी हलवतो म्हणून. तुम्ही माझी मूठ धरून काठी आपटलीत तर मला नुसते धक्के बसतील, रस्ता कळणार नाही.

तुमची सीट ड्रायव्हरची मूठ धरून काठी आपटतेय, असं मला वाटतं.

---

खाचरस्ता

पांढरीकाठी, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. इतकी वर्षं मी मोटरी बदलत होतो, कंपाचा आकार बदलत होतो, सीटऐवजी पट्टा, पट्ट्याऐवजी स्टिअरिंग करून बघत होतो. तुम्ही नेमकं ठिकाण दाखवलंत.

खाच मला उत्तर देत होती. मी गाडी भरकटवली, तिने घर्र केलं. मी आत वळलो, तत्क्षणी घर्र थांबलं. किती वळलो, पुरेसं वळलो का, सगळं त्या थांबण्यात होतं. सीट एकदा ठरावीक वेळ थरथरते आणि गप्प होते. मी मधे काय केलं याच्याशी तिला घेणंदेणं नाही. फँटममधला गोळाही खरा वाटला तो याचसाठी, बोट मी फिरवत होतो आणि तो दर क्षणी उत्तर देत होता.

आता मला वाटतं की पट्टीपासूनच्या अंतराबरोबर वाढत-घटत जाणारा कंप, आणि तोही हातांना, पाठीला नाही, असा करून बघायला हवा. सिम्युलेटरमध्ये हे करणं अवघड नाही. लांबचापल्ला, तुमच्या खोट्या पट्ट्यांचा प्रश्न याने सुटत नाही, तो कॅमेऱ्याचा आहे. पण खोटा इशारा निदान वळल्यावर लगेच विझेल.

---

रात्रपाळी

गेमर आहे, घरी मोटर बसवलेलं स्टिअरिंग आहे. वरच्या मुद्द्याला एक उदाहरण जोडतो.

खऱ्या गाडीत वळणावर स्टिअरिंग जड होतं, कारण रस्त्याला टेकलेल्या टायरचा रेटा चाकांना सरळ करू बघतो. पकड सुटायच्या जरा आधी हा रेटा कमी होतो आणि स्टिअरिंग हातात हलकं पडतं. गाडी अजून घसरलेली नसते, पण हाताला बातमी लागलेली असते. चांगला गेम हाच रेटा गणिताने काढून मोटरीतून देतो. मी लायसन्स काढायच्या आधी शेकडो तास हे खेळलो होतो. पहिल्या पावसाळ्यात एका वळणावर स्टिअरिंग हलकं लागलं आणि पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला गेला. ते हलकेपण हाताला ओळखीचं होतं.

आता स्टिअर-बाय-वायर गाड्या येताहेत, म्हणजे स्टिअरिंग आणि चाकं दांड्याऐवजी विजेच्या तारेने जोडलेल्या. २०१३ च्या इन्फिनिटी क्यू५० मध्ये नेहमीची जोडणी तारेने होती, अडीअडचणीसाठी दांडा मधे ठेवला होता. २०२३ च्या टेस्ला सायबरट्रकमध्ये दांडाच नाही. म्हणजे रस्त्याकडून हाताला येणारी प्रत्येक गोष्ट मोटर ठरवते. खऱ्या गाडीचं स्टिअरिंग माझ्या खेळण्यासारखं झालं. मला भीती ही, की कंपनी "गुळगुळीत वाटावं" म्हणून ते हलकेपण गाळून टाकेल.

---

खाचरस्ता

रात्रपाळी, ही भीती रास्त आहे. खड्ड्याचा दणका गाळायचा आणि पकड सुटल्याची बातमी राखायची, हे तारेतून निवडता येतं, दांड्यातून येत नव्हतं. तेव्हा संधीही मोठी आहे. पण गाळायचं काय हे बैठकीत कुणीतरी ठरवणार, आणि त्या खोलीत तुमच्यासारखा कुणी असायला हवा.

शरीर फसतं कसं याचं एक उदाहरण देतो. आमचा सिम्युलेटर सहा पायांवर उभा आहे. ही रचना मुळात १९५४ मध्ये एरिक गॉफ यांनी डनलॉपमध्ये टायर तपासायला केली होती. १९६५ मध्ये स्ट्युअर्ट यांनी त्याच धर्तीची रचना विमानाच्या सिम्युलेटरसाठी मांडली, आणि नाव त्यांचं रूढ झालं. खोलीत गाडी पळवायला जागा नाही, मग लांबलचक वेग घेतल्याची जाणीव कशी द्यायची? आम्ही केबिन हळूच मागे कलती करतो, सेकंदाला साधारण ३ अंशांहून कमी गतीने. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला इतकं मंद कलणं कळत नाही. पाठ सीटमध्ये रुतते, डोळ्यांपुढे रस्ता धावतो, आणि अंग म्हणतं गाडी वेग घेतेय. खरं तर पृथ्वीच ओढत असते. यात जरा घाई केली की निरगाठ यांना झालं तसं मळमळतं.

---

तिन्हीसांजा

अवांतर होईल, पण विचारते. बाळाला गाडीत विसरून जाण्याच्या घटना वाचून जीव गोळा होतो. सीटला वजन कळतं, मग हे का कळत नाही?

---

जुनागॅरेज

वजनाला बाळ आणि पिशवी सारखीच. म्हणून हल्ली ६० गिगाहर्ट्झचं छोटं रडार छतात लावतात. श्वासाबरोबर छाती काही मिलिमीटर वरखाली होते, तेवढी हालचाल त्याला पांघरुणातूनही टिपता येते. युरो एनकॅपने, म्हणजे नव्या गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरोपातल्या संस्थेने, २०२३ पासून याला गुण द्यायला सुरुवात केली. जिथे मिळेल तिथे ही सोय घ्याच.

---

ओलीमाती

युरो एनकॅपचं नाव निघालंच आहे तर, २०२६ पासून पूर्ण गुणांसाठी इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि आणीबाणीचा कॉल यांना हाताला लागणारी बटणं किंवा दांडे हवेत असं त्यांनी ठरवलंय. काचेवर बोट फिरवताना कड लागत नाही, म्हणून डोळे खाली जातात. मर्केलला त्याचं काम परत मिळालं, मला फार बरं वाटलं.

---

लांबचापल्ला

धागा वाचून एक करून बघितलं. इतकी वर्षं गाडी चालवतोय, पण एबीएस कधी मुद्दाम लागू दिलं नव्हतं. पाऊस पडून गेल्यावर एका रिकाम्या पटांगणात गेलो, आजूबाजूला कुणी नाही हे दोनदा बघितलं, पट्टा लावला, तिसावर गाडी नेली आणि पूर्ण जोराने ब्रेक दाबला. पेडल पायाखाली किटकिट करत फडफडलं आणि माझा पाय वर आला. माहीत असूनही आला.

दुसऱ्यांदा केलं. पाय खाली ठेवला, स्टिअरिंग थोडं फिरवलं, गाडी वळत वळत थांबली.

उद्या मुलीला घेऊन जातोय. तिला नुकतंच लायसन्स मिळालंय.